ओपन-बॅक हेडफोन घरच्या घरी सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेडफोन उघडून त्यात फेरफार करणाऱ्यांना मुंबईत तोटा नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शनिवारी दुपारी अर्धा तास रेंगाळलात तर एखादा तरी भेटतो, हातात सोल्डर वायरचं रीळ आणि डोक्यात नवी शंका घेऊन. त्या शंका बहुतेक वेळा त्याच त्या असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळ्यांना लागू पडणारी एकच अट आहे: जे परत पूर्ववत करता येतं ते आधी करा, जे करता येत नाही ते सगळ्यात शेवटी. शक्यतो करूच नका.

ओपन-बॅकमध्ये नक्की काय उघडं असतं?

ड्रायव्हरची, म्हणजे पातळ पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाची, पाठ. पडदा कानाच्या दिशेने जेवढी हवा ढकलतो, तेवढीच मागेही ढकलतो. बंद कपात तो मागचा आवाज आतल्या भिंतीवर आपटून परत येतो आणि घुमतो. ओपन-बॅकमध्ये तो जाळीतून खोलीत निघून जातो. म्हणून गाणं मोकळं वाटतं, वाद्यं डोक्यात कोंबल्यासारखी वाटत नाहीत. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ बाजारात आणला तेव्हापासून हा प्रकार लोकांच्या कानावर आहे.

या मोकळेपणाची किंमत बेसमध्ये मोजावी लागते. अगदी खालचे स्वर कानापर्यंत पोचायला पडदा आणि कान यांच्यामधली हवा दाबली जावी लागते. कुठे फट असेल तर दाब निसटतो आणि बेस गेला. ओपन-बॅकमधल्या निम्म्याअधिक मॉडचं, म्हणजे अशा फेरफारांचं, मूळ या एका वाक्यात आहे.

सुरुवात कशापासून करू?

पॅडपासून, म्हणजे कानाभोवती टेकणाऱ्या गादीपासून. हे उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना स्क्रू उघडायचे असतात. पण हेडफोनचा आवाज बदलणारा सगळ्यात मोठा भाग तोच आहे, आणि तो झिजतो. दोन-तीन वर्षं वापरलेलं पॅड चपटं होतं, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि मूळ तोल बिघडतो. बिघाड इतका सावकाश होतो की तुम्हाला तो कळतच नाही. वाटतं, हेडफोन आधीपासून असाच वाजायचा. त्यामुळे जुन्या जोडीवर कसलंही काम करण्याआधी कंपनीचं नवं पॅड लावून आठवडाभर ऐका. बऱ्याच जणांचं मॉडिंग तिथेच संपतं, आणि त्यात वाईट काही नाही.

वेगळ्या प्रकारचं पॅड लावलं तर?

तर तो जवळपास वेगळाच हेडफोन होतो. चार गोष्टी बघायच्या: जाडी, आतल्या भोकाचा आकार, कापड आणि आतला फोम.

जाडी वाढली की ड्रायव्हर कानापासून लांब जातो, आवाजाला जागा मिळते, मधला भाग थोडा मागे सरकतो आणि वरच्या पट्टीतले चढउतार आपली जागा बदलतात. मखमली कापडातून हवा जाते, म्हणून बेस सैल आणि कमी होतो. रेक्झिन किंवा चामडं हवा अडवतं, बेस भरतो, पण आतल्या गुळगुळीत भिंतीवरून वरचे स्वर परतून कधीकधी आवाज टोचायला लागतो. संकरित पॅडमध्ये बाहेरून रेक्झिन, कातडीला टेकणाऱ्या भागाला कापड आणि आतून छिद्रं असतात. मुंबईच्या घामाला मला तीच बरी वाटतात.

ग्रॅडो कंपनीचे हेडफोन वापरणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे सपाट फोम आणि वाटीसारखा फोम यांच्यातला फरक पहिल्या दहा सेकंदांत कळतो. सपाट पॅडमध्ये कान ड्रायव्हरला जवळपास टेकतो आणि आवाज भरदार होतो. वाटी पॅडमध्ये आवाज मोकळा होतो, पण वरचा भाग धारदार होतो.

दुसऱ्या कंपनीचं पॅड घेताना फक्त व्यास जुळतो का एवढंच बघू नका. बसवायची पद्धत जुळली पाहिजे. सेनहायझर एचडी ६०० च्या कुटुंबात पॅडच्या मागे प्लास्टिकची चौकट असते आणि ती दाबून बसते. बायरडायनॅमिक डीटी ९९० मध्ये कापडाची कड कपाच्या ओठावर ओढून चढवायची असते आणि पहिल्यांदा ते करताना बोटं दुखतात. हायफायमनच्या बऱ्याच जोड्यांत पॅडमागे खिट्ट्यांची कडी असते. काही स्वस्त जोड्यांचं पॅड मुळात काढायला केलेलंच नसतं. तिथे जोर लावाल तर प्लास्टिकच हातात येईल.

मुंबईत सामान कुठे मिळतं?

अर्धं सामान तुमच्या गल्लीतच आहे. केमिस्टकडे मायक्रोपोर, म्हणजे जखमेवर लावायची कागदी पट्टी. स्टेशनरीच्या दुकानात प्लॅस्टिसीन, म्हणजे मुलांची खेळायची रंगीत माती, आणि भिंतीवर पोस्टर चिकटवायचा निळा चिकट गोळा. सोफा दुरुस्त करणाऱ्याकडे फोमचे तुकडे, ते बरेचदा फुकट मिळतात. फेल्टचे कागद हस्तकलेच्या दुकानात. खूप रंग आणि जाड्या बघायच्या असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. पॅडवर चढवायला मखमल हवी असेल तर मंगलदास मार्केट, पण तिथे पाव मीटर मागितलं की दुकानदार तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो त्याची तयारी ठेवा.

वायर, जॅक, सोल्डर, मल्टिमीटर आणि छोट्या माइक कॅप्सूल लॅमिंग्टन रोडला. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं. फास्ट लोकल तिथे थांबत नाही आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, हे दोन्ही विसरून गेलेले लोक दर आठवड्याला भेटतात. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत मिळतो. तो घ्याच, कारण पुढे सांगतो.

घ्यायचं नाही असं काही?

फेविक्विकसारखं झटपट चिकटणारं कुठलंही द्रव्य ड्रायव्हरच्या जवळ नको. त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर धरते आणि पडद्यावर बसली तर उपाय नाही. एम-सील परत निघत नाही. सोफ्याचा फोम घेताना त्यातून फुंकर मारून बघा. हवा आरपार गेली तर उपयोगाचा. पॅकिंगमधला बंद पेशींचा फोम, ज्यातून हवा जात नाही, तो आवाज शोषत नाही, नुसता अडवतो.

आवाज टोचतो, 'स' आणि 'श' कानात घुसतात. घरच्या घरी कमी करता येईल?

येतं, आणि हा सगळ्यात सोपा मॉड आहे. ड्रायव्हरच्या समोर, पॅडच्या आत, काहीतरी पातळ ठेवायचं. पातळ फोमची चकती, फेल्टचा तुकडा, अगदी टिश्यू पेपरसुद्धा चालतो. दुपदरी टिश्यूचा एक पदर सोडवून लावा आणि ऐका, मग हवा असेल तर दुसरा. हे थर वरच्या स्वरांना जास्त अडवतात, खालच्यांना जवळजवळ नाही. 'स' चा त्रास साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये असतो. डीटी ९९० चा प्रसिद्ध चढही ८ किलोहर्ट्झच्या आसपासच आहे, म्हणून तिथे हा उपाय लगेच जाणवतो.

अडचण अशी की फेल्ट टोचणारा तेवढाच भाग निवडून कापत नाही. तो त्याच्या वरचं सगळंच थोडंथोडं खातो. जाड फेल्ट लावून 'स' मऊ झाला म्हणून खूश व्हाल, आणि आठवड्याने लक्षात येईल की तानपुऱ्याची जवारी बसली आहे, झांजेला शेपूट राहिलेलं नाही. म्हणून मधोमध भोक असलेली चकती कापून पाहा. थेट येणारा आवाज भोकातून कानापर्यंत जातो, कडेने परतणारा शोषला जातो.

नेमका एकच चढ कापायचा असेल तर अनुनादक, म्हणजे ठरावीक स्वरच शोषणारी छोटी पोकळी, लागतो. त्याचं प्रसिद्ध उदाहरण सेनहायझर एचडी ८००. २००९ चा हा हेडफोन ६ किलोहर्ट्झच्या आसपासच्या चढामुळे अनेकांना टोचायचा. शौकिनांनी घरीच ड्रायव्हरच्या मधल्या भागात बसेल असा अनुनादक बनवला, आणि कंपनीच्या २०१६ च्या एचडी ८०० एस मध्ये तोच चढ शोषणारी रचना आतच आली. पण इतकं नेमकं काम कात्री आणि फेल्टने जमत नाही.

बेस वाढवायचा आहे.

आधी पंखा बंद करा. मी गंमत करत नाही. पंख्याची घरघर, रस्त्यावरची बस, शेजारची पाण्याची मोटर, हे सगळं खालच्या पट्टीतलं आहे, आणि ओपन-बॅक त्यातलं काहीच अडवत नाही. तुमच्या गाण्यातला बेस या आवाजाखाली गाडला जातो. रात्री उशिरा, पंखा बंद करून तेच गाणं ऐका. डग्ग्याची घुमक परत आलेली दिसली तर हेडफोनमध्ये दोष नाही, खोलीत आहे. गणपतीच्या दिवसांत तर परीक्षाच घेऊ नका.

मग फटी शोधा. चष्म्याची काडी पॅडखाली जिथून जाते तिथून बेस गळतो. दोन्ही कप तळहाताने कानावर हलकेच दाबा. बेस एकदम वाढला तर फट आहे. पॅड आणि ज्या पाट्यावर ते बसतं त्याच्यामध्येही फट असू शकते, विशेषतः नंतर लावलेल्या पॅडमध्ये. तिथे पातळ फोमची गोल पट्टी बसवली की काम होतं. हेडबँड सैल झाला असेल तर तेही कारण असू शकतं.

एवढं करून उरलं तर मागच्या बाजूकडे वळा.

मागच्या बाजूला काय करतात?

ड्रायव्हरच्या मागे हवा जायला छिद्रं असतात आणि त्यांवर बहुधा कागद किंवा फेल्ट असतं. ती हवा किती अडायची हे ठरवणारा तो कागद म्हणजे कंपनीने केलेलं ट्यूनिंग आहे. त्यावर मायक्रोपोरचा एक थर दिला की विरोध वाढतो आणि बेसच्या वरच्या भागात येणारा फुगा बसतो. म्हणजे आवाज थोडा घट्ट, थोडा शिस्तीत येतो. थर वाढवत गेलात तर पडद्याला हलायलाच जड जातं आणि खालचा बेस कमी होतो. उलट, कागद काढून टाकला तर पडदा मोकाट सुटतो. म्हणून मायक्रोपोर चांगला: छिद्रांपैकी अर्धी झाका, ऐका, पाव झाका, ऐका. पट्टी ओढली की जुनी परिस्थिती परत.

याचं सोपं उदाहरण सेनहायझर एचडी ५५८. त्याच्या कपात जाळीचा काही भाग झाकणारी फोमची चिकटपट्टी होती, महागड्या ५९८ मध्ये नव्हती. ती सोलली की ५५८ त्याच्या मोठ्या भावाच्या बराच जवळ जातो हे शौकिनांमध्ये पाठ झालेलं आहे. जुन्या बाजारात ५५८ दिसला आणि बरा असला तर शिकायला याहून चांगला हेडफोन नाही. पण ती पट्टी फेकू नका.

फोस्टेक्स टी५०आरपी सेमी-ओपन, म्हणजे मागून अर्धवटच उघडा, आहे, तरी त्याचं नाव घ्यावंच लागतं, कारण हा हेडफोन लोक मुळी मॉड करण्यासाठीच घेतात. कपात प्लॅस्टिसीन थापून त्याची थरथर मारायची, कापूस भरायचा, छिद्रांवरचं फेल्ट बदलायचं, पॅड जाड करायचं. प्रत्येक पायरीला आवाज बदलतो. तो समतल पडद्याचा (प्लॅनर), म्हणजे सपाट पडदा सगळीकडून सारखा हलणारा, असल्यामुळे खालचा बेस ओढून काढता येतो. मात्र प्लॅस्टिसीनमुळे तो जड होतो आणि मान ते लक्षात ठेवते.

जाळी काढून टाकली तर आवाज आणखी मोकळा होतो का?

काही हायफायमनमध्ये होतो. तिथल्या जुन्या जाळ्या मागचा आवाज बऱ्यापैकी परतवायच्या, म्हणून लोकांनी त्या काढून जास्त विरळ जाळी लावली. बहुतेक इतर जोड्यांत फरक इतका लहान असतो की तो उत्साहाचा आहे की आवाजाचा ते सांगता येत नाही. आणि उघड्या ड्रायव्हरवर मुंबईची धूळ बसते. जाळी काढायचीच असेल तर तिच्या जागी पातळ जाळीदार कापड ताणा.

ओपन-बॅक लोकलमध्ये वापरायचा आहे. मागून बंद करू का?

नका करू. ज्या कपात मागचा आवाज कसा शोषायचा याचा विचारच केलेला नाही तो कप झाकला की घुमणारा, नाकातून गाणारा हेडफोन मिळतो. बाहेरचा आवाजही धड अडत नाही. प्रवासासाठी साधे इअरफोन घ्या. वन-रूम-किचनमध्ये बाजूला कोणी झोपलेलं असेल तरी हेच. ओपन-बॅकचा आवाज खोलीत ऐकू जातो, आणि तो कमी करणारा मॉड मला माहीत असलेल्यांत एकही नाही.

उघडताना सगळ्यात मोठा धोका कुठला?

चुंबक. ड्रायव्हरमधलं चुंबक लहान दिसतं पण स्क्रूड्रायव्हरचं टोक जवळ गेलं की ते हातातून खेचून घेतं. टोक पडद्यात घुसलं की ती बाजू संपली. शक्य तिथे प्लास्टिकचं पान किंवा जुनं एटीएम कार्ड वापरा, आणि ड्रायव्हर उघडा असेल तर त्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवून काम करा. सोल्डरिंग आयर्नही खेचलं जातं, हे विसरू नका. टेबलावर लोखंडाचा कीस असता कामा नये. तो एकदा चुंबकाच्या फटीत गेला की निघत नाही.

दुसरा धोका वायरींचा. आतल्या वायरी केसासारख्या बारीक असतात आणि कप उघडताना झटका बसला तर तुटतात. कप आधी थोडासाच उचला, आत डोकावून वायर किती लांब आहे ते बघा, मग पुढे जा. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा. डाव्या-उजव्याचे स्क्रू वेगवेगळ्या वाटीत.

ग्रॅडोचे कप स्क्रूने नाही तर गोंदाने धरलेले असतात. शौकीन केस वाळवायच्या ड्रायरने ऊब देऊन ते सोडवतात. जमतं, पण पहिल्याच हेडफोनवर हे नको.

उघडून बंद केल्यावर एका बाजूने करकर येते. ड्रायव्हर गेला का?

दहापैकी बहुतेक वेळा केस. डोक्यावरचा एक केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकला की ठरावीक स्वरांवर करकर होते. पॅड काढा, उजेडात तिरकं धरून बघा, रबरी फुग्याने फुंका. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. व्हॅक्यूम क्लीनर आणि दाबलेल्या हवेचा डबा दोन्ही पडदा आत-बाहेर करू शकतात, ते लांबच ठेवा.

कप दाबताना कट्ट असा आवाज येत असेल तर तो हवेच्या दाबाने पडदा मुडपल्याचा असतो. जास्त घट्ट बसणाऱ्या पॅडमध्ये होतो, गाणं ऐकताना सहसा नाही.

गायकाचा आवाज मध्यभागी ऐकू येत नाही, बेसही गायब झालाय. वायर तर मीच जोडली.

एका बाजूचे दोन टोक उलटे जोडले गेले आहेत. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, म्हणून आवाज मधोमध जुळत नाही. एका बाजूची टोकं अदलाबदल करा.

केबल बदलल्याने आवाज सुधारतो?

सोय सुधारते. चार मीटरची कायमची जोडलेली केबल काढून कपात जॅक बसवला तर तुटल्यावर बदलणं सोपं, आणि मॉड म्हणून ते काम समाधानाचं आहे. फिलिप्स एसएचपी९५०० मध्ये कपातच ३.५ मिलिमीटरचा जॅक असल्यामुळे ही कटकट नाही; काही जण तिथे माइकवाली केबल लावून गेमिंगला वापरतात. आवाजातला फरक मात्र, केबल सुस्थितीत असेल तर, शोधून सापडत नाही. बॅलन्स्ड केबलचं, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या केबलचं, म्हणाल तर तिचा फायदा ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) बॅलन्स्ड तोंडातून जास्त ताकद मिळण्यात आहे.

हेडफोनच्या जुन्या केबलमधल्या तारांना वार्निशचा थर असतो. त्या सरळ सोल्डर होत नाहीत. टोक चांगल्या तापलेल्या आयर्नवर सोल्डरच्या थेंबात धरून थर जाळावा लागतो, मग कथील धरतं. खिडकी उघडी ठेवा. जमत नसेल तर स्टेशनबाहेरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा, त्याचा हात याहून बारीक कामावर बसलेला असतो. पण जॅक आणि केबलच त्याच्या हाती द्या, ड्रायव्हर नको.

ॲम्प आणि हेडफोनच्या मध्ये रेझिस्टर घातला की बेस वाढतो म्हणतात, खरं का?

काही हेडफोनमध्ये खरं. एचडी ६०० आणि ६५० यांचा रोध कागदावर ३०० ओहम आहे, पण हा आकडा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. शंभर हर्ट्झच्या आसपास तो बराच वर चढतो. मालिकेत रेझिस्टर आला की जिथे हेडफोनचा रोध जास्त तिथे व्होल्टेज तुलनेने जास्त पडतं, म्हणजे त्या चढावर आवाज फुगतो. व्हॉल्व्हच्या काही ॲम्पवर हे हेडफोन गोड, भरलेले वाटतात त्यातला बराच भाग हा. पण फुगतो तो बेसचा वरचा भाग. चाळीस हर्ट्झ तिथेच राहतात. समतल पडद्याच्या हेडफोनमध्ये रोध जवळपास सरळ रेषेत असतो, तिथे रेझिस्टरने फक्त आवाज लहान होईल.

एवढा खटाटोप कशाला? इक्वलायझर का नको?

वापराच. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे. 'स' चा चढ तीन डेसिबलने नेमका खाली आणणं फेल्टपेक्षा तिथे कितीतरी अचूक जमतं, आणि आवडलं नाही तर बटण बंद. माझ्या मते ज्याला फक्त आवाजाचा तोल बदलायचाय त्याने स्क्रूला हातच लावू नये.

इक्वलायझरच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेत. पॅडमधून गळणारा बेस तो भरून काढू पाहतो, पण तुम्ही मान वळवलीत की गळती बदलते. कपाची थरथर त्याला दिसत नाही. चपट्या पॅडमुळे कान ड्रायव्हरला घासतो, त्यावर त्याच्याकडे औषध नाही. एचडी ६०० सारख्या जोडीत खालच्या पट्टीत सात-आठ डेसिबल चढवले तर पडदा दमतो आणि बेस गढूळ होतो. जे काही चढवाल तेवढंच प्रीॲम्प, म्हणजे इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी, खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो.

आणि हे फार जण विसरतात: इंटरनेटवरची तयार सेटिंग्ज कंपनीच्या मूळ पॅडवर मोजलेली असतात. तुम्ही मखमली पॅड लावलंत, समोर फेल्ट ठेवलंत, की ती सेटिंग तुमच्या हेडफोनची राहिली नाही.

मॉडने खरंच सुधारणा झाली की मला तसं वाटतंय, हे कसं ओळखू?

यात सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

कान दोन दिवसांत कुठल्याही आवाजाला सरावतो. सकाळी मॉड केला, संध्याकाळी छान वाटला, यात मॉडचा भाग किती हे सांगता येत नाही. दुसरं, जरासा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. फेल्टने आवाज एखाद डेसिबल खाली गेला तर तुम्ही म्हणाल मॉड बिघडला, वाढला तर म्हणाल सुधारला. तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या.

माझी पद्धत: मॉड फक्त एका बाजूला करायचा. मग मोनोमध्ये एकच आवाज दोन्हीकडे सोडायचा. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला एकसारखा खळखळाट) चालतो, एकट्या बाईचा गाता आवाज त्याहून चांगला, कारण माणसाच्या गळ्याचं खरं रूप आपल्याला जन्मापासून माहीत असतं. डावीकडे आणि उजवीकडे काय वेगळं आहे ते तत्क्षणी कळतं. मग हेडफोन उलटा घालायचा, डावा उजव्या कानावर. फरक कपाबरोबर फिरला तर तो मॉडचा. कानातच राहिला तर तो तुमच्या कानाचा.

बेससाठी डग्गा आणि ढोलकी, टोचतंय का ते बघायला हलगी आणि झांज, बारकाव्यासाठी एकटा तानपुरा. ज्या गाण्यांचं प्रत्येक वळण पाठ आहे तीच घ्या. इंटरनेटवरच्या 'टेस्ट ट्रॅक'च्या यादीतलं परदेशी गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकून तुम्ही काय ठरवणार?

मोजमाप घरी करता येतं?

खरा आकडा नाही, पण आधी-नंतरचा फरक नक्की. कॉम्प्युटरवर रूम इक्यू विझार्ड हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रेट माइक कॅप्सूल जाड पुठ्ठ्याच्या मध्यभागी बसवा, त्यावर कप ठेवा, मोजा. कप जरा सरकला की वरचे स्वर आणि बेस दोन्ही बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी उचलून परत ठेवून चार-पाच मोजमापं घ्या आणि त्यांची सरासरी बघा. हा आलेख इंटरनेटवरच्या आलेखाशी जुळवू नका. त्यांचं कृत्रिम कान वेगळं, तुमचा पुठ्ठा वेगळा.

बर्न-इन, म्हणजे नवा हेडफोन रुळावा म्हणून नुसता वाजत ठेवणं, शंभर तास करावं का?

नाही. त्या शंभर तासांत पॅड डोक्याच्या आकाराला बसतं आणि कान सरावतो.

पावसाळ्यात पॅडचं काय करायचं?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईची हवा पॅडची शत्रू आहे. स्वस्त रेक्झिन म्हणजे पॉलियुरेथेन. दमट हवेत ते आतून तुटत जातं आणि एक दिवस कानावर काळे पापुद्रे दिसतात. हे वापरलं नाही तरी होतं, कपाटात ठेवलेल्या नव्या पॅडलाही. म्हणून दोन-तीन जोड्या साठवून ठेवण्यात अर्थ नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हेडफोन ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की बदला.

मखमली पॅड काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतं. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं आणि पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळू द्यायचं. पावसाळ्यात त्याला दोन दिवसही लागतात. अर्धवट ओलं पॅड बसवलं तर ती ओल थेट ड्रायव्हरपाशी. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी जॅक अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, खारी हवा त्याला काळा पाडते.

पहिला मॉड कुठल्या हेडफोनवर करू?

सुपरलक्स एचडी६८१ किंवा ६६८बी. दोन्ही सेमी-ओपन, स्वस्त, आणि वरचा आवाज इतका टोचरा की फेल्टचा परिणाम लगेच कळतो. ज्या हेडफोनचे हप्ते अजून चालू आहेत तो तर अजिबात नको. तो उघडला की वॉरंटीही गेली.

मॉडनंतर आवाज किती मोठा ठेवावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा. टोचणारा भाग काढलेला हेडफोन मोठ्या आवाजातही सुखाचा वाटतो, आणि तिथेच घात होतो. आवाज टोचत नाही म्हणजे तो कमी आहे असं नव्हे. मॉडआधी बटण कुठे असायचं ते आठवा आणि तिथेच ठेवा.

नंतर हेडफोन विकायचा असेल तर?

मॉड केलाय हे घेणाऱ्याला सांगा आणि काढलेलं सगळं बरोबर द्या. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक छोटी झिपवाली पिशवी ठेवा: मूळ फोम, सोललेली पट्टी, जास्तीचे स्क्रू, आणि कुठलं कुठून निघालं याची चिठ्ठी. मायक्रोपोरचा चिकटपणा अल्कोहोलच्या बोळ्याने निघतो, पण कपावर छापलेलं नावही त्यानेच पुसलं जाऊ शकतं, म्हणून आधी आतल्या बाजूला लावून बघा. पॅड मूळचं लावून द्या. नवं पॅड तुमच्याकडेच राहू द्या, पुढच्या जोडीला बसलं तर बसलं.